कुकडीचं खोरं: नाणेघाट ते निघोज, खडकाच्या बाजूने

घाटघरचा_वारा (धागाकर्ता)

जुन्नरवर लिहिलेलं पुष्कळ वाचायला मिळतं. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, आणि अलीकडे उसातले बिबटे. पण एवढ्या गोष्टी कुकडी नदीच्या याच एका खोऱ्यात का दाटल्या, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘प्राचीन व्यापारी मार्ग’ या दोन-तीन शब्दांत उरकलं जातं. मार्ग इथूनच का गेला? लेणी डोंगराच्या ठरावीक उंचीवरच ओळीने का? उघड्या कातळाच्या गडावर उन्हाळ्यात पाणी कसं टिकतं? माझ्या मते या प्रश्नांची अर्धी उत्तरं शिलालेखात आहेत आणि अर्धी खडकात. खडकाबद्दल मराठीत कमी लिहिलं जातं, म्हणून हा धागा. नाणेघाटापासून सुरुवात करून नदीबरोबर खाली येतो.

आधी खडक. इथे दिसतो तो सगळा दख्खनचा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. हा लाव्हा एकदम आला नाही. एक प्रवाह आला, थिजला, कधी त्यावर बराच काळ ऊन-पाऊस झाला, वरचा भाग कुजून माती झाली, मग त्यावर पुढचा प्रवाह आला. त्या मातीचा जो थर मध्ये अडकला तो वरच्या लाव्हाने भाजून विटकरी झाला. घाटरस्त्यांच्या कापणीत काळ्या दगडात मध्येच लाल पट्टा दिसतो तो हाच. भूशास्त्रात त्याला बोल म्हणतात, आपल्याकडे गेरू किंवा लाल माती.

प्रत्येक प्रवाहाच्या आतही फरक असतो. मधला भाग घट्ट, एकजीव. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेली भोकं, आणि त्या भोकांत नंतर पाण्याबरोबर आलेली झिओलाइट नावाची पांढरी खनिजं, गारगोट्या. म्हणजे डोंगर खालून वर चढताना घट्ट, भोकाळ, लाल, पुन्हा घट्ट, असा क्रम येत राहतो. झीज होताना घट्ट भागाचा उभा कडा राहतो, मऊ भागाची उतरती पडवी होते. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी, कुठल्याही गडाकडे मावळतीच्या उन्हात बाजूने बघा, कडा आणि पडवी, कडा आणि पडवी, असे आडवे पट्टे स्पष्ट मोजता येतात. माथे सपाट आहेत तेही याच कारणाने. वरचा कठीण प्रवाह टिकला, आजूबाजूचं गेलं.

आता नाणेघाट. घाटघरच्या माळावर उभं राहिलं की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. पश्चिमेला सातशे मीटरच्या आसपास सरळ कोकणात कोसळणारा कडा, आणि त्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर सुरू होणारे ओढे मात्र पूर्वेला वाहतात. समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर. पण हे पाणी कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असं फिरत थेट बंगालच्या उपसागराला जातं. शिवाय खोरं अगदी उगमापाशीच रुंद आणि पसरट आहे. उगमाजवळ नदी लहान आणि दरी अरुंद असावी, इथे नदी लहान आणि दरी मोठी. सह्याद्रीचा कडा आज आहे तिथे मुळात नव्हता, तो पश्चिमेला होता आणि झिजत झिजत मागे सरकला, असं जे मानतात ते अशा रुंद खोऱ्यांकडे बोट दाखवतात. नद्यांची मूळ डोकी कड्याबरोबर कोकणात गेली आणि मधला धडाचा भाग आपल्याला दिसतो. कडा किती सरकला आणि त्यात भूभाग उचलला जाण्याचा वाटा किती, यावर वाद आहेत. पण रुंद खोरं थेट कड्याला येऊन भिडतं ही गोष्ट डोळ्यांनी दिसते, आणि व्यापाराच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. कोकणातून बैल एकदा का ही खिंड चढून आला की पुढे जुन्नरपर्यंत त्याला दुसरा घाट नाही.

खिंड फोडली माणसांनी की निसर्गाने? पायऱ्या, गुहा, टाकी ही माणसांची. मूळ फट निसर्गाची. बेसॉल्ट थंड होताना आणि नंतरच्या ताणांमुळे त्यात उभ्या भेगा पडतात, जिथे भेगा दाट तिथे पाणी घुसतं आणि कडा तिथून आधी फुटतो. शेजारी जीवधनाला लागून उभा असलेला वानरलिंगी सुळका याच भेगांनी मूळ डोंगरापासून सुटा झालेला आहे. पावसाळ्यात याच अरुंद फटीतून वर घुसणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं उडवतो, ज्याच्या चित्रफिती दरवर्षी जून-जुलैत फिरत असतात.

खालचा टप्पा: पूरचं कुकडेश्वर मंदिर, माणिकडोहचा जलाशय, मग जुन्नर. जुन्नरच्या भोवती दोनशेच्या वर कोरीव लेणी आहेत. तुळजा, शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री असे गट. एवढी लेणी एका गावाभोवती दुसरीकडे कुठे दाखवा. त्यांच्याबद्दल मला एकच सांगायचं आहे. लेण्याद्रीला पायथ्याशी उभं राहून वर बघा. लेण्यांची ओळ जवळजवळ एका पातळीत आहे. कोरणाऱ्यांनी एकाच प्रवाहाचा घट्ट गाभा धरला आणि कड्याच्या बाजूने आडवे सरकत गेले. वर गेले असते तर भोकाळ दगड, खाली गेले असते तर मऊ थर. गिरिजात्मजाचा सभामंडप एवढा मोठा असून आत एकही खांब नाही. त्या छतावर अख्खा डोंगर आहे. असा दगड शोधून काढायला दगडाची जाण लागते आणि ती त्या पाथरवटांना होती.

उलट उदाहरण मानमोडीवर आहे. अंबा-अंबिका गटातलं चैत्यगृह (स्तूपासाठीचं प्रार्थनागृह) अर्धवट सोडलेलं आहे. दर्शनी भाग कोरायला घेतला, आतलं काम पुरं झालंच नाही. खडकातल्या मऊ थराने घात केला असं म्हटलं जातं, आणि तिथला दगड बघितल्यावर मला ते पटतं.

तुळजा लेण्यातलं गोल चैत्यगृह, बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमट, हे वेगळ्या धाग्याचं काम आहे.

पुढे ओझर, येडगाव, बोरी बुद्रुक, निघोज. बोरीची राख आणि निघोजचे रांजणखळगे यांवर प्रतिसादांत लिहितो, नाहीतर हा लेखच व्हायचा.

---

डोंगरमाथा

मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे. एक शंका. जीवधन, हडसर हे जुने ज्वालामुखीच ना? शाळेत आम्हाला सह्याद्री ज्वालामुखीपासून बनला असं शिकवलं होतं, आणि शिवनेरीचा आकार बघितला तर मुख असावं असं वाटतं.

---

घाटघरचा_वारा

नाही. लाव्हापासून बनला हे बरोबर, पण आजची शिखरं ही ज्वालामुखीची तोंडं नव्हेत. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून आला आणि पसरला. शंकूसारखा डोंगर त्यातून उभा राहत नाही. हे गड म्हणजे पूर्वी सलग असलेल्या पठाराचे शिल्लक राहिलेले तुकडे. दोन शेजारच्या गडांवर तेच कडे साधारण त्याच उंचीवर जुळताना दिसतात, मधलं नदीने नेलं. शिवनेरीचा त्रिकोण हा तिन्ही बाजूंनी झीज झाल्याचा आकार आहे.

---

येडगावकर

आम्ही शेतकरी माणसं, तुमचा बोल का काय ते माहीत नाही, पण विहीर खणताना हेच सगळं वरून खाली बघतो म्हणा ना. नदीच्या अंगाला काळी माती, मग पांढरे चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक. मांजऱ्यात पांढरे ठिपके असतात, तो सुरुंगाला लवकर फुटतो आणि पाणीपण त्यातच लागतं. त्याच्या खाली काळा पाषाण लागला की गवंडी म्हणतो आता थांबा, पैसा जाईल पाणी यायचं नाही.

आणि बोअर घेताना मध्येच लाल चिखल वर यायला लागतो. मशीनवाला लगेच म्हणतो पाईप घाला नाहीतर बोअर ढासळणार. आमच्या भावकीत एकाने पाईपाचे पैसे वाचवले, मोटर अडकून बसली ती अजून आत आहे.

---

घाटघरचा_वारा

@येडगावकर, दादा, तुम्ही दोन परिच्छेदांत सगळं सांगितलंत. मांजऱ्या म्हणजे तो भोकांत झिओलाइट भरलेला वरचा भाग. त्यात भेगा आणि पोकळ्या जास्त, म्हणून पाणी धरतो. काळा पाषाण म्हणजे घट्ट गाभा, भेग सापडली तर पाणी, नाहीतर कोरडा. लाल थर चिकणमातीचा, वरून झिरपलेलं पाणी त्याच्यावर येऊन अडतं आणि आडवं सरकतं. डोंगराच्या उतारावर तो थर जिथे उघडा पडतो तिथे झरा. आदिवासी वाड्यांची पाणवठ्याची जागा बघा, बरेचदा अशा पट्ट्याला धरून असते.

म्हणजे विहीर जिथे खणायची तोच दगड लेण्याला वर्ज्य, आणि लेण्याला उत्तम तो विहिरीला बेकार.

---

ब्राह्मी_अडाणी

आयडी अडाणी असला तरी थोडं वाचता येतं, म्हणून पाण्याबद्दल एक भर.

जुन्नरच्या शिलालेखांत ‘पोढी’ हा शब्द येतो, म्हणजे पाण्याचं टाकं. मानमोडीच्या भीमाशंकर गटात महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष ४६. त्याने काय दिलं? एक पोढी आणि एक मंडप. वर्ष शकाचं मानलं तर इ. स. १२४. दुसरा लेख इरिल नावाच्या यवनाचा. त्याचं दान दोन पोढी. लांबून आलेला परदेशी माणूस इथे येतो आणि पुण्य म्हणून पाण्याची टाकी खोदवून देतो, यातच टाक्याची किंमत कळते. धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेण्यांचीही (व्यवसायसंघांची) दानं या लेखांत आहेत.

नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाबद्दल सगळ्यांना माहीत असतं. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. अंक लिहिण्याच्या इतिहासात तो महत्त्वाचा, कारण एवढे आकडे एका जागी फार जुन्या काळी मिळतात. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका वगैरेंच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा एवढंच उरलंय.

धागाकर्त्यांना प्रश्न: मूर्ती गेल्या आणि अक्षरं राहिली, यात दगडाचा काही हात असेल का?

---

घाटघरचा_वारा

ब्राह्मीताई/दादा, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे.

मूर्ती कशाने गेल्या ते ठामपणे सांगता यायचं नाही, माणसांनी फोडल्या असण्याचीही शक्यता आहे. दगडापुरतं बोलायचं तर तिथे पावसाळ्यात भिंत महिनोन् महिने ओली असते आणि नंतर वाळते. भोकांतली झिओलाइटं सुटून पडतात, खळगे पडतात. लेखातली कित्येक अक्षरं अशाच खळग्यांत गेली आहेत. पुढे आलेला उठाव आधी झिजतो, आत कोरलेलं अक्षर उशिरा, एवढं मात्र नक्की.

टाक्यांचं म्हणाल तर तीही घट्ट गाभ्यातच खोदलेली असतात. भोकाळ दगडात खोदलं तर पाणी पाझरून जाईल. चावंडवर सात टाक्यांचा जो समूह आहे, सप्तमातृका म्हणतात, तो बघताना कातळाचा पोत हाताने चाचपून बघा. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी वेगळी. तिथे भेगांतून पाझर येतो, म्हणून ती आटत नाहीत.

---

शंकेखोर

वाचतोय. पण सगळं खडकावर ढकलू नका राव. मार्ग इथून गेला कारण खाली कल्याण-सोपारा बंदरं होती आणि वर पैठण होतं. राजसत्ता आणि पैसा असला की वाट कुठूनही काढता येते. खडक दुय्यम.

---

घाटघरचा_वारा

बंदर आणि पैठण ही दोन टोकं झाली. त्या दोन टोकांमधला कडा कुठे ओलांडायचा हे टोकं ठरवत नाहीत. पैसा असता तर अगदी नाकासमोर घाट फोडला असता, तसं कुणी केलेलं नाही. आणि नाणेघाटावर जीवधन, हडसर, चावंड, शिवनेरी असे चार गड लागोपाठ पहारा द्यायला मिळाले ते राजाने रचलेले नव्हेत. राजाने वर तट बांधले.

तरी ‘दुय्यम’ शब्दावर भांडत नाही. जकातीचा दगडी रांजण घाटात अजून आहे, तो भरला पैशानेच.

---

टेफ्रा

बोरीबद्दल मी लिहू का? थोडं काम जवळून बघितलेलं आहे.

येडगावच्या खाली बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर गाळाच्या उभ्या दरडी आहेत. नदीने आपलाच जुना गाळ कापून काढला आहे. खाली खडी आणि गोटे, वर चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती. या थरांत मध्येच एक फिकट राखाडी पट्टा येतो. वीतभर, काही ठिकाणी मीटरभरापर्यंत. चिमूट घेऊन बोटांत चोळली तर रांगोळीसारखी कचकचते, आणि मातीच्या मानाने हलकी लागते. भिंगाखाली बघितली की वाळू नाहीच, काचेच्या वक्र कपच्या दिसतात, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती. ही ज्वालामुखीची राख. बोरीच्या राखेची पहिली नोंद १९८६ साली पुण्याच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली.

दख्खनच्या ज्वालामुखीशी तिचा संबंध नाही. तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि लोहयुक्त बेसॉल्टचा. ही राख सिलिका भरपूर असलेली, आणि नदीच्या अलीकडच्या गाळात सापडणारी. ती आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीहून, तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर हवेतून. आज तिथे उद्रेकाने खचलेल्या खड्ड्यात जवळजवळ १०० किलोमीटर लांबीचं सरोवर आहे.

भांडण आहे ते कुठल्या उद्रेकाची यावर. टोबा एकदाच फुटलेला नाही. शेवटचा प्रचंड उद्रेक सुमारे ७४-७५ हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या आधीचा एक जवळजवळ ८ लाख वर्षांपूर्वीचा. बोरीच्या राखेचं वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने (खडकात साठत गेलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढतात ती) १४ लाख आलं, नंतर आर्गॉन-आर्गॉनने ६.७ लाखांच्या आसपास, आणि काचेच्या रासायनिक घडणीवरून काहींनी ती ७५ हजारांचीच ठरवली.

---

शंकेखोर

७५ हजार आणि १४ लाख? जवळजवळ वीसपट फरक. आमच्या हिशेबात एवढा फरक आला तर लेखापरीक्षक सोडणार नाही.

---

टेफ्रा

हसू आलं, पण कारण सरळ आहे. आर्गॉन पद्धतीत नमुना शुद्ध लागतो. नदीच्या गाळातल्या राखेत आजूबाजूच्या बेसॉल्टचे कण मिसळलेले असतात, आणि ते ६.६ कोटी वर्षांचे. त्यातले थोडे जरी नमुन्यात आले तरी वय फुगतं. शिवाय राख पडल्या जागी राहत नाही. पावसाने धुऊन खळग्यात साचते, पुढच्या पुरात पुन्हा हलते. काच रासायनिक दृष्ट्या ओळखणं जास्त भरवशाचं असं माझं मत, पण टोबाच्या वेगवेगळ्या उद्रेकांच्या काचा एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की तिथेही कीस पाडला जातो.

हे भांडण नुसतं राखेचं नाही. त्याच थरांशी संबंधित खडीत अश्युली पद्धतीची, म्हणजे फार जुन्या आदिमानवाच्या घडणीची दगडी हत्यारं मिळतात, हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या फरशी-कुऱ्हाडी. राख १४ लाखांची तर बोरी भारतातल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. राख ७५ हजारांची तर ती हत्यारं इथे फार उशिरापर्यंत वापरात होती, किंवा जुन्या खडीतून वाहून नव्या थरात आली. दोन्ही गोष्टींचे अर्थ पूर्ण वेगळे. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमला अशीच हत्यारं १५ लाख वर्षांच्या आसपासची निघाली आहेत, त्यामुळे जुनं वय अशक्य म्हणून उडवून लावता येत नाही. पण बोरीच्या बाबतीत मी ७५ हजारांच्या बाजूला झुकलेलो आहे.

---

घाटघरचा_वारा

मी झुकलेलो नाही, आणि कारण सांगतो. रासायनिक जुळणी ‘टोबा’ इथवर नेते हे मान्य, ‘शेवटचा टोबा’ इथवर नेतेच असं नाही. थरांची रचना, खडीची झीज, चुनखडीचं प्रमाण बघून तो गाळ मला जुना वाटतो. पण तुम्ही म्हणता तसं वाहून आलेल्या राखेत थरांवरून वय काढणं धोक्याचं. मोरगावला कऱ्हेकाठीही राख आहे, मध्य प्रदेशात शोणच्या खोऱ्यात आहे, आंध्रात ज्वालापुरमला आहे. सगळ्यांना एक मापाने मोजू नये एवढंच.

---

मीना_काठची

माझं माहेर नारायणगाव. टमाट्याचा बाजार, तमाशाच्या राहुट्या आणि खोडदची दुर्बीण यापलीकडे गावात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. :)

खोडदला ती रेडिओ दुर्बीण का बसवली हे आम्हाला सहलीत सांगितलं होतं, आजूबाजूचे डोंगर बाहेरचा गोंगाट अडवतात म्हणून. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. म्हणजे तिथेही डोंगरच कामाला आला.

पाऊस हा मुद्दा कुणी घेतला नाही. घाटघरला धो धो, भातखाचरं, हिरडा. जुन्नरपर्यंत येईतो निम्म्याहून कमी. आमच्याकडे आलं की रिमझिम, आणि निघोजकडे बाजरी. सगळं एका दिवसात मोटारसायकलवर बघता येतं.

---

आंबेगावचा_पाहुणा

खडकाच्या गप्पा चालल्यात म्हणून लिहितो. आमचं माळीण शेजारच्या खोऱ्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला, दीडशेच्या वर माणसं गेली. भूशास्त्राचे जाणकार आहेत म्हणून विचारतो, हे दगड एवढे घट्ट म्हणता तर डोंगर घसरतो कसा?

---

घाटघरचा_वारा

@आंबेगावचा_पाहुणा, काय बोलावं सुचत नाही. जेवढं समजतं तेवढं सांगतो.

घसरतो तो कातळ नव्हे, कातळावरची कुजलेली मातीची गोधडी. घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस आणि ऊन यांनी बेसॉल्ट वरून खोलवर कुजतो, मुरूम-माती होते. दोन कड्यांमधली जी पडवी सांगितली, तिच्यावर ही माती जाड साठते. वस्ती आणि शेतीही तिथेच, कारण तीच काय ती बरी जागा. सलग दिवस पाऊस पडला की पाणी मातीतून झिरपून खालच्या घट्ट थरावर येऊन थांबतं. मातीच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते आणि आख्खा उतार पाण्यासारखा वाहतो. माळीणच्या आधीचे दिवस मुसळधार होते. उतारावर जमीन सपाट करणं, झाडं जाणं, पाणी जायचे जुने मार्ग बुजणं याचाही वाटा होता अशी चर्चा झाली. कुणावर किती ठेवायचा ते मी बोलणार नाही.

लक्षणं मात्र सर्वांना माहीत असावीत. उतारावर नव्या अर्धगोलाकार भेगा, झाडं-खांब तिरके होणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ येणं किंवा बंद पडणं. यातलं काही पावसात दिसलं तर रात्र काढायला तिथे थांबू नये.

---

आंबेगावचा_पाहुणा

धन्यवाद. भेगा पडल्याचं आमच्याकडेही दोन वाड्यांत सांगतात. हे ग्रामपंचायतीत वाचून दाखवतो.

---

डोंगरमाथा

निघोज राहिलं की हो.

---

घाटघरचा_वारा

निघोज. एका काठाला अहिल्यानगर जिल्ह्याचं निघोज, दुसऱ्या काठाला पुणे जिल्ह्याचं टाकळी हाजी. इथे कुकडी गाळ सोडून उघड्या कातळात उतरते आणि कातळाची चाळण केलेली दिसते. मळगंगेचं देऊळ काठावर, कुंड खाली.

रांजणखळगा होतो कसा: प्रवाहात जिथे भोवरा धरतो तिथे एखादा गोटा अडकतो. पूर आला की तो गोल फिरत तळ खरवडतो. त्याने खड्डा खोल झाला की भोवरा जास्त पक्का, आणखी गोटे आत. गोटे झिजून संपतात, नवे येतात. सुरुवात बहुधा भेगेपाशी किंवा झिओलाइट निसटून पडलेल्या भोकापाशी होते, म्हणून तिथला भोकाळ बेसॉल्ट या कामाला अगदी पोषक. आत डोकावलं तर भिंतीवर मळसूत्री खाचा दिसतात आणि तळाशी गुळगुळीत गोटे. दोन शेजारचे खळगे वाढत एकमेकांत फुटतात, मग मध्ये दगडाची कमान उरते, तीही पुढे पडते. नदीने दरी खोल केली ती अशी, खळगे जोडत जोडत.

---

येडगावकर

निघोजला जाणाऱ्यांनी एक ऐका. वरून धरणातून पाणी सोडलं असेल त्या दिवसांत खळग्यात उतरू नका. ऊन असतं, ढग नसतो, आणि पाणी येतं. गावात विचारून जा. दगड शेवाळलेला असतो, चपला घालून नाचू नका. फोटोपायी जीव घालवलेले ऐकलेत.

आणि बोरीला जाणाऱ्यांनी राख खिशात भरून आणू नका. शाळेच्या सहली येतात, प्रत्येक पोरगं मूठभर नेतं. वाळूवाल्यांनी जे केलंय ते वेगळंच, त्यावर बोललो तर धागा उडवतील.

---

ब्राह्मी_अडाणी

वाळूबद्दल +१. शिवनेरी २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांसोबत जागतिक वारशात गेला, आनंदच आहे. त्या यादीत गड आहे, पण गडाखालची गाळाची दरड कुणाच्या यादीत नाही. तट ढासळला तर पुन्हा बांधता येतो.

---

शंकेखोर

एका दिवसात काय काय होईल? पुण्याहून येतोय, सोबत आई आहे, गुडघ्याचा त्रास.

---

घाटघरचा_वारा

आई सोबत असतील तर लेण्याद्रीच्या पायऱ्या नकोत, किंवा डोली करा. सकाळी जुन्नरहून थेट घाटघर, तीस-पस्तीस किलोमीटर, गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. तिथून गुहेपर्यंत थोडं उतरायला लागतं, ते तुम्ही एकट्याने करा. परत येताना पूरला कुकडेश्वर, तिथे चढण नाही. दुपारी ओझर. बोरी-निघोज दुसऱ्या दिवसावर टाका, नाहीतर सगळं गाडीच्या काचेतून बघाल. जून-जुलैचे शनिवार-रविवार नाणेघाट विसरा, गर्दीत कडा दिसत नाही. ऑक्टोबर उत्तम, गवत आहे, धुकं नाही.

---

मीना_काठची

एक विचारायचं राहिलं. आमच्या जुन्या विहिरीच्या दगडांत लांबट पांढऱ्या काड्या आहेत, बोटाच्या पेराएवढ्या, दगडभर पसरलेल्या. आजोबा त्याला काहीतरी वेगळाच दगड म्हणायचे. हा मांजऱ्याच का?

---

टेफ्रा

ठिपके गोल असते तर मांजऱ्या. काड्या लांबट, सपाट आणि चकाकणाऱ्या असतील तर फेल्डस्पार या खनिजाचे मोठे स्फटिक असलेला बेसॉल्ट असण्याची शक्यता खूप. लाव्हा वर येण्याआधी जमिनीखालच्या कोठीत बराच काळ थांबला की असे स्फटिक वाढतात, म्हणजे दोन उद्रेकांमधल्या शांततेची ती खूण. तुमच्या भागात असे थर ओळखीचे आहेत. दख्खनचे प्रवाह मोजताना खुणेचे म्हणून जे थर धरतात, त्यांतल्या दोघांना मंचर आणि गिरवली अशी आंबेगाव तालुक्यातल्या गावांची नावं आहेत.

नव्या फुटलेल्या बाजूचा फोटो टाका, शेजारी नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. आणि विहिरीतला दगड कुठून आणला होता ते घरी कुणाला माहीत असेल तर विचारा. तिथलाच फोडलेला की बांधकामाला बाहेरून आणलेला, यावर सगळं अवलंबून आहे.

---

मीना_काठची

काका म्हणतात तिथलाच, विहीर खणतानाच निघाला. दिवाळीत गेले की फोटो टाकते.